सवडीने ये

सोलापूर

चि. बाळ,


काल दादाचा फोन आला. जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक-आदेश झाला, पोरीचा पासपोर्टही आला, हे सांगताना त्याचा आवाज भरून आला होता. मग म्हणाला, "दोघं आठवड्याभराची रजा काढून येताहेत. संस्थेतून मुलीला घेतील, दिल्लीत व्हिसाचं काम करतील आणि तिथूनच परत जातील. घरी उतरणार नाहीत." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

अगं, आठवड्याभरात कसं होईल? गृहभेटीचा अहवाल, 'कारा' या दत्तक-प्राधिकरणाकडची नोंदणी, मग तिचा फोटो आणि वैद्यकीय कागद, मग ना-हरकत पत्र... इतकी वर्षं कागदांसाठी धीर धरलास. आता जिच्यासाठी धरलास, तिच्याच वाट्याला ही घाई?

रजेचं कारण मला सांगू नकोस. तुमच्या अमेरिकेतल्या १९९३ च्या कायद्याने दत्तकासाठी बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, मूल आणायला परदेशी जावं लागलं तर ते दिवसही त्यातच धरतात, हे तूच मला गेल्या दिवाळीत सांगितलं होतंस. खरं कारण मला ठाऊक आहे. तुला सोलापूरच्या आणि पुण्याच्या माणसांची तोंडं चुकवायची आहेत. काकू "रक्ताचं ते रक्ताचं" म्हणाल्या, ते तुझ्या मनात रुतून बसलंय. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी यशवंताला घेतलं तेव्हा पुण्यात काय कमी बोलली असतील माणसं? तोच यशवंत डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात रोगी आणत होत्या. काकूंचं मी बघते. त्यांच्या बोलण्यापायी तू पोरीचे दिवस कमी करू नकोस.

ती साडेतीन वर्षांची आहे. तिला सगळं कळतं, पण बोलता येतं ते फक्त मराठीत. रात्री ती ओळीने मांडलेल्या खाटांवर, इतर मुलांच्या चुळबुळीत झोपते. कुणी खोकलं की सांभाळणारी मावशी उठून येते. तिला एकदम हॉटेलच्या बंद खोलीत नेऊन दिवा मालवलास, तर तिला काय वाटेल? तुझ्या मनाने ती घरी आलेली असेल, पण तिच्या मनाने तिचं घर सुटलेलं असेल. ती रडली तर "मी आवडले नाही" असं मनाला लावून घेऊ नकोस. न रडता गप्प राहिली तर जास्त जप.

मी लग्नाआधी संस्थेत बालवाडी घ्यायची, ते तुला माहीत आहे. पण एक गोष्ट मी घरात कुणाशी बोलले नाही. परदेशी दत्तकाबद्दलच्या १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे निकालाच्या आधीचे ते दिवस. तेव्हा पुष्कळदा आईबाप यायचे नाहीत, विमानाने जाणाऱ्या कुणासोबत मूल पाठवलं जायचं. एका चार वर्षांच्या मुलीला मी तयार करून दिलं. "कुठे जायचं?" तिने विचारलं. खरं सांगायला मला शब्द सुचले नाहीत. "फिरायला," म्हटलं. ती हसत गाडीत बसली. ती कुठे असेल, तिला मराठीतला एखादा तरी शब्द आठवत असेल का, हे अजून मनात येतं. आता आईवडिलांनी स्वतः येऊन मुलाला न्यावं असा नियम आहे. तो का झाला असेल, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

म्हणून म्हणते, ये ती सवडीने ये. सुरुवातीचे काही दिवस संस्थेतच जाऊन बस. तिची मावशी तिला कशी न्हाऊ घालते, भात कसा कालवून देते, ते बघ. मग तिच्या देखत तू घाल, तू भरव. कुठे जायचंय ते मावशीच्याच तोंडून तिला कळू दे. तिची पांघरायची चादर मागून घे आणि धुऊ नकोस, वास राहू दे. मावशीचा फोटो घे. नाव कुणी ठेवलं, पहिला दात कधी आला, विचारून लिहून ठेव. एक दिवस ती विचारेल. आणि नाव बदलू नकोस गं, तेवढं एकच तिचं स्वतःचं आहे. जावईबापूंना "भूक लागली का?", "शू लागली का?", "मी इथेच आहे" एवढं तरी मराठी घोकून घ्यायला सांग.

तुम्ही तिकडे गेल्यावर पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी आणि दुसरं वर्ष दर सहा महिन्यांनी तिचा अहवाल इकडे यायचा आहे. मूल रुजायला सरकारसुद्धा दोन वर्षं धरतं, बाळ.

फार बोलले का? रागावू नकोस. डॉक्टरांनी शेवटचं "नाही" म्हटलं, तेव्हा तिकडे तुझ्याजवळ कुणी नव्हतं. वहिनी असती तर पहिल्या विमानाने आली असती. ती नाही, म्हणून मी लिहिते आहे.

हे तुझं बाळंतपणच आहे, आणि ते माहेरीच व्हायला हवं. सव्वा महिना नाही तर नाही, पण जमतील तितके दिवस ये. संस्था इथून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे. मागची खोली मी रिकामी केली आहे. डिंक आणि खारीक आणून ठेवली आहे, आळीव तेवढे बाजारात आले की आणते. रात्री पोर उठली तर मी तिला घेऊन अंगणात फिरेन, तू झोप. तुलाही कुणीतरी निजवायला हवं आहे.

तुझी,
आत्या