संघ कसा घडतो? ‘द व्ह्यू फ्रॉम सॅटर्डे’ या किशोर कादंबरीचा अभ्यास

वसतिगृहात शेजारच्या खाटेवर झोपणारा आणि आपल्याच पंगतीत जेवणारा मुलगा आपला सोबती की प्रतिस्पर्धी? गुणपत्रिका त्याला प्रतिस्पर्धी ठरवते, सहवास त्याला सोबती करू पाहतो. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही येथे एक अमेरिकन किशोर कादंबरी निवडली आहे.

ई. एल. कोनिग्सबर्ग (१९३०–२०१३) या रसायनशास्त्राच्या पदवीधर. काही काळ त्यांनी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकविले. ‘द व्ह्यू फ्रॉम सॅटर्डे’ ही त्यांची कादंबरी १९९६ साली प्रसिद्ध झाली व १९९७ साली तिला बालसाहित्याचे प्रतिष्ठेचे न्यूबेरी पदक मिळाले. तत्पूर्वी १९६८ सालीही या पदकाच्या मानकरी त्याच होत्या.

न्यूयॉर्क राज्यातील एपिफनी या काल्पनिक गावी हे कथानक घडते. श्रीमती ओलिन्स्की या शिक्षिका मोटार अपघातात पतीला आणि स्वतःच्या पायांतील शक्तीला मुकल्या आहेत. दहा वर्षांनंतर त्या चाकांच्या खुर्चीवरून पुन्हा वर्गात येतात. आपली अवस्था त्या योग्य शब्दाने फळ्यावर लिहितात. तो शब्द पुसून तेथे कोणीतरी हिणकस शब्द लिहून ठेवतो. शब्दाने माणसाला कसे खाली ढकलले जाते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

प्रश्नमंजूषेच्या संघासाठी बाई सहावीतील चार मुले निवडतात. नोआ आजीआजोबांकडे फ्लोरिडाला गेला असता तेथील वृद्धांच्या सहवासात सुलेखन शिकला. आईवडिलांच्या घटस्फोटाने दुखावलेली नादिया आजोबांसोबत समुद्रकासवांची अंडी जपण्याच्या कामात रमली. हुशार थोरल्या भावाच्या सावलीत इथन अबोल झाला. ज्युलियन सिंग हा भारतीय वंशाचा नवा विद्यार्थी. त्याचा पोशाख व बोलणे वेगळे, म्हणून मुले त्याची टिंगल करतात. त्याच्या दप्तरावर कोणी अपमानकारक शब्द लिहिला, तेव्हा त्याने त्यालाच अक्षरे जोडून आपण पृथ्वीरूपी यानाचे प्रवासी आहोत, अशा अर्थाचे वाक्य बनविले. अपमान निमूट गिळला नाही आणि उलट शिवीही दिली नाही. हा तिसरा मार्ग आम्हास फार मोलाचा वाटतो.

हाच ज्युलियन उरलेल्या तिघांना शनिवारी आपल्या घरी चहाला बोलावतो. दर शनिवारच्या त्या बैठकीत चौघे एकमेकांना ऐकून घ्यायला शिकतात. पुढे हा संघ सातवी-आठवीच्या मुलांना हरवितो आणि ऑल्बनी येथे राज्याचे अजिंक्यपदही मिळवितो.

ही मुले कशी निवडली, असा प्रश्न शिक्षणाधिकारी विचारतात. बाई प्रत्येकाच्या केसांचा रंग सांगून त्यांना उडवून लावतात. खरे उत्तर त्यांनाही ठाऊक नसते. ते अखेरीस उमगते : बाईंनी निवडण्यापूर्वीच मुलांनी एकमेकांना निवडले होते. प्रत्येकाने दुःख पाहिले होते आणि कोणाच्या तरी मायेचा अनुभवही घेतला होता. म्हणून दुसऱ्याला काय हवे, हे त्यांना ओळखता आले.

येथे एक शंका संभवते. केवळ मैत्रीने स्पर्धा जिंकता येते काय? मुळीच नाही. सुलेखनाविषयीचा प्रश्न नोआ सोडवितो, सारगासो समुद्राविषयीचा नादिया सोडविते. ही उत्तरे पाठांतरातून आलेली नाहीत, ती जगण्यातून आलेली आहेत. अभ्यास आवश्यकच आहे. परंतु चौघांचे ज्ञान एकत्र यावे, तर आधी परस्परांवर विश्वास हवा. जो संघात कोणाला तुच्छ लेखतो, तो त्याच्याजवळचे उत्तरही गमावतो.

वर्गचर्चेसाठी तीन प्रश्न :

१. ज्युलियनच्या जागी तुम्ही असता, तर दप्तरावरील शब्दाचे काय केले असते?

२. तुम्हाला पुस्तकाबाहेर मिळालेले कोणते ज्ञान संघाच्या उपयोगी पडेल?

३. तुमच्या वसतिगृहात अद्याप कोणालाच मित्र न मिळालेला विद्यार्थी कोण आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नये. येत्या शनिवारी त्या विद्यार्थ्याशेजारी जाऊन बसावे.