मथळा वाचून सर्व्हर बदलू नका

२००३ साली मी भोसरीतल्या एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळत होतो. मेल, ड्रॉइंग, हजेरी, सगळं लिनक्सवर. मार्चमध्ये युटातल्या एससीओ कंपनीने आयबीएमवर एक अब्ज डॉलरचा दावा ठोकला. आमचा युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घातला, ही तक्रार. मग तिने दीड हजारांच्या आसपास कंपन्यांना इशारेवजा पत्रं धाडली आणि प्रोसेसरमागे ६९९ डॉलर मागितले. मथळे असे, की निकालच लागला असं वाटावं. साहेबांनी कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि वकिलाला विचारण्याआधीच दुसऱ्या सिस्टिमची ऑर्डर दिली.

त्या बातम्यांत एकच गोष्ट नव्हती: चोरलेल्या म्हणतात त्या ओळी. ऑगस्टमध्ये लास वेगासला कंपनीने काही ओळी पडद्यावर दाखवल्या, तेव्हा त्यातला एक तुकडा मुळात बर्कले विद्यापीठाच्या खुल्या कोडमधला असल्याचं प्रोग्रॅमर ब्रूस पेरेन्स यांनी दाखवून दिलं. पुढच्या वर्षी दावे झाले ते ऑटोझोन आणि डेमलरक्रायस्लरवर, दोन्ही एससीओचीच जुनी गिऱ्हाइकं. २००७ मध्ये एससीओ दिवाळखोरीत गेली. २०१० मध्ये ज्यूरीने युनिक्सचे कॉपीराइट एससीओकडे नसून नॉव्हेल कंपनीकडेच असल्याचं ठरवलं. दावा दाखल झाल्याची बातमी जेवढी मोठी छापली, तेवढा निकाल छापलेला मी पाहिला नाही.

म्हणून अशी बातमी आली की आधी विचारा, मालकी नक्की कोणाची, ओळी कुठल्या, कोर्टात काय सिद्ध झालं? कागद हातात आल्याशिवाय एक रुपयाही खर्चू नका.

खरी जोखीम आमच्याच वरच्या मजल्यावर होती. तिथे मशीनचा कंट्रोलर बनत होता, आत लिनक्स आणि बिझीबॉक्स, दोन्ही जीपीएल या खुल्या लायसन्सखालचे. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. जीपीएलखालचा कोड स्वतःच्या कारखान्यात वापरा, हवा तसा बदला, सोर्स कोणी मागत नाही. तोच खोक्यात घालून विकलात की सोर्स देण्याचं बंधन सुरू होतं. २००४ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने सिटकॉम कंपनीला, हे बंधन न पाळल्यामुळे, राउटरमधलं असं सॉफ्टवेअर वाटायला मनाई केली. तेव्हा डिस्पॅचच्या माणसाला सांगून ठेवा: प्रत्येक खोक्यात लायसन्सची प्रत हवी, आणि सोबत सोर्स कोड, तो नसेल तर मागेल त्याला देऊ असं किमान ३ वर्षांचं लेखी आश्वासन.