इंजिनाची धाव आणि जड चाक

टिटवाळ्याच्या गणपतीला मोटारसायकली येतात. त्यांत जुनी बुलेट असली तर न बघताच कळते. ती धगधग करीत सावकाश येते. यामाहाची जुनी आर एक्स 100 मात्र मूठ पिळताच किंचाळते. असे का, ते आपण पाहू.

इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या असतो. यालाच पिस्टन म्हणतात. तो वर-खाली धावतो. जुन्या 350 बुलेटमध्ये त्याची धाव 90 मिलिमीटर, आर एक्समध्ये 50. दर फेऱ्याला तो एकदा वर जातो, एकदा खाली येतो. धाव लांब, तर तेवढ्याच फेऱ्यांत त्याला पळावे लागते जास्त, आणि टोकाला वळताना झटकाही मोठा बसतो. फेरे फार वाढवले तर दांडा तुटतो.

दुसरी गोष्ट वजनाची. कुंभाराचे चाक जड. फिरवायला जोर लागतो. पण एकदा फिरले की काठी काढली तरी फिरतच राहते. बुलेटच्या पोटात अशीच जड चाके आहेत. ती वेग चटकन घेत नाहीत, चटकन सोडतही नाहीत.

विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाला तर बाहेरच दोन मोठी बिडाची चाके असतात. ते मिनिटाला सुमारे 650 फेरे घेते. पाणी जास्त यावे म्हणून काहीजण गव्हर्नरची स्प्रिंग ताणतात. आम्हांला हे मुळीच पसंत नाही. फेरे दुप्पट झाले की चाकावरचा ताण चौपट होतो. बीड फुटले तर तुकडे माणसाच्या अंगावर येतात. इंजिनाच्या पत्र्यावर फेऱ्यांचा आकडा कोरलेला असतो. तो आधी वाचा, मग स्प्रिंगला हात लावा.