बैठक आणि उडी : झटक्याने स्नायू कसे जागे होतात?



आमच्या पोहरादेवीत काय किंवा तुमच्या गावात काय, ही कृती पटांगणावर सहज घेता येते. मुलांना आधी सावकाश बैठक मारायला सांगा, मग बैठकीतूनच उंच उडी. वजन तेच, स्वतःच्या शरीराचं. पण झटका देताना मज्जासंस्था कमी वेळात जास्त स्नायूतंतू कामाला लावते.

मग नुसत्या भराभर बैठका मारल्या तर? वर येताना शरीर थांबवावं लागतं, म्हणून शेवटी मांडीचा जोर ओसरतो. उडीत थांबायचं नसतं. पाय जमिनीवरून सुटेपर्यंत जोर टिकतो. चेंडू फेकतानाही तसंच.

सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. एवढं वजन झटक्याशिवाय डोक्यावर जात नाही. पण त्याच वेळी त्याच्या कोपराला दुखापतही झाली.

म्हणून आधी संथ, नीट बैठक. मग मोजक्या उड्या, गुडघे वाकवून अलगद उतरणं आणि मध्ये विश्रांती. शिक्षा म्हणून शंभर बैठका नकोतच. मूल थकलं की झटका जातो, उरते फक्त मोजणी.