लोणी भापकरची पुष्करिणी



देवळात गेलो की आपण घंटा वाजवतो, हात जोडतो, अंगारा लावतो आणि माघारी फिरतो. देवळासमोरचे पाणी बघायचे राहूनच जाते. या पाठात आपण ते पाणी बघू.

पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यात लोणी भापकर नावाचे गाव आहे. गणपतीचे मोरगाव तेथून जवळच. हा मुलूख कमी पावसाचा. सह्याद्री ढग अडवतो आणि इकडे येईपर्यंत ते रिकामे होतात. अशा या गावात मल्लिकार्जुनाचे, म्हणजे महादेवाचे, जुने दगडी देऊळ आहे. देवळासमोर पाण्याचे चौकोनी बांधीव कुंड आहे. त्याला पुष्करिणी म्हणतात. कुंडाला लागून कोरीव खांबांचा मंडप आहे. हे काम यादव राजांच्या काळातले, सुमारे ७०० ते ८०० वर्षांपूर्वीचे मानतात.

आमच्या रात्रीच्या वर्गातील मंडळींना घेऊन आम्ही हे ठिकाण पाहायला गेलो. कुंडाच्या भिंतींत ओळीने देवळ्या आहेत. ते पाहून एका बाईंनी विचारले, "गुरुजी, पाण्याच्या भिंतीत देवळ्या कशाला हो?"

आम्ही म्हणालो, "बाई, आपल्या घरात तुळशीपाशी कोणी थुंकतं का?"

"छे, छे!"

"मग देवळी आहे तिथं पाणी कोण घाण करील? जुन्या लोकांनी पाण्याला देवाचा पहारा बसवला असं समजा."

त्या आवारात आणखी एक नवल आहे. विष्णूच्या वराह अवताराची दगडी मूर्ती. नुसता डुकराचा आकार, पण अंगभर लहान लहान मूर्ती कोरलेल्या. याला यज्ञवराह म्हणतात. पृथ्वी पाण्यात बुडाली तेव्हा वराहाने ती दातांवर उचलून वर आणली, अशी पुराणातली कथा आहे. देऊळ महादेवाचे आणि आवारात विष्णूचा वराह! दोघे एकाच पाण्याकाठी सुखाने नांदतात.

आता बांधकाम बघू. अशा देवळांना आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री होता. महादेव राजा इ. स. १२६० मध्ये गादीवर आला. पण हेमाडपंताच्या आधीच्या देवळांनाही लोक हेमाडपंतीच म्हणतात. या पद्धतीत दगडाला दगड चुन्यावाचून जोडतात. एका दगडाला खाच, दुसऱ्याला कुसू. एकात दुसरा बसला की वरच्या वजनाने सांधा घट्ट होतो.

पाण्याच्या बांधकामात या बिनचुन्याच्या सांध्यांचा आणखी एक फायदा असतो. जमिनीत मुरलेले पाणी सांध्यांतून पाझरून आत येते. पायऱ्यांचाही उपयोग बघा. पावसाळ्यात पाणी वर असते, तेव्हा दोन पायऱ्या उतरल्या की घागर भरते. उन्हाळ्यात पाणी खाली जाते, तेव्हा माणूसही खाली उतरतो. किती पायऱ्या उघड्या पडल्या हे मोजले, की गावात पाणी किती उरले ते कळते. त्यासाठी लिहितावाचता यावे लागत नाही!

अशी कुंडे, अशा बारवा आपल्या कितीतरी गावांत आहेत. काहींत गाळ भरला. काहींत लोक निर्माल्य आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकतात. कोठे डागडुजी म्हणून भिंतींना सिमेंट फासतात. त्याने सांधे बुजतात आणि पाझर बंद होतो. मग म्हणतात, बारव आटली. आटली कुठली? आपणच तिचा गळा दाबला!

मंडपात बसलो असताना आमच्यातील एका गृहस्थांनी खडा उचलला. चार महिन्यांपूर्वी त्यांना अक्षरओळख नव्हती. खांबावर आपले नाव लिहावे असे त्यांना वाटले. ती हौस आम्हाला कळली. पण आम्ही म्हणालो, "दादा, हा खांब ज्यानं घडवला, त्यानं आपलं नाव लिहिलंय का?" त्यांनी खांब सगळीकडून न्याहाळला. मग खडा खाली टाकला आणि वही मागितली. वहीत त्यांनी स्वतःचे नाव लिहिले. त्याखाली गावाचे नाव लिहिले. लोणी भापकर. 'ष्क' लिहिता येईना, म्हणून पुष्करिणी हा शब्द आम्ही लिहून दिला आणि त्यांनी तो तीनदा गिरवला.

संरक्षित स्मारकाची नासधूस करणे हा गुन्हा आहे. १९५८ साली केंद्र सरकारने आणि १९६० साली महाराष्ट्र राज्याने तसे कायदे केले. पण कायद्याच्या धाकापेक्षा आपली समज मोठी.

करून पाहा

१. तुमच्या गावात जुनी बारव किंवा कुंड आहे का? त्याचे नाव वहीत लिहा.
२. आज किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजून तारखेसह लिहा. दर महिन्याला असेच लिहीत जा.
३. त्या पाण्यात काय काय टाकले जाते? यादी करा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.