पावसाळी ट्रेकला जीन्स का नको?

प्रश्न : पावसाळ्यात कळसूबाईला जायचे आहे. जाड जीन्सच सर्वांत टिकाऊ नाही का?

उत्तर : जीन्स टिकते हे खरे, पण ती सोयीची असते कोरडी असेपर्यंतच. सुती धागा पाणी शोषून धरतो. त्यामुळे भिजलेली जीन्स जड होते, मांड्यांना घासते आणि कळसूबाईच्या 1,646 मीटर उंचीवरच्या वाऱ्यात अंग गारठवते. याउलट नायलॉन फार कमी पाणी शोषते, लवकर वाळते आणि खडकावर घासले तरी चिवट राहते. त्यात उकडते, हा आक्षेप रास्त आहे. पण सैलसर, पातळ कापडाची पँट घेतली तर तो बराचसा मिटतो. म्हणून थोडे इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) मिसळलेली नायलॉनची, गुडघ्यांवर आणि बुडाला दुहेरी कापड असलेली पँट निवडा. दुकानातच खोल उकिडवे बसून पाहा. कुठे ताण जाणवला, तर ती घेऊ नका.