अंकांच्या अंगणात

अद्भुत वस्तू पाहावयाची तर दूर देशी जावे लागते, उंच पर्वत चढावे लागतात किंवा सागराच्या तळाशी बुडी मारावी लागते, अशी बहुतेकांची समजूत असते. घरातील आणि वाटेवरील वस्तू रोज डोळ्यांसमोर असतात, म्हणूनच त्यांच्याकडे पाहावयाचे मनुष्य विसरतो. अंकांचेच उदाहरण घ्यावे. वाण्याच्या यादीत, दिनदर्शिकेत, आगगाडीच्या तिकिटावर आणि घराच्या पाटीवर त्यांची भेट सकाळपासून रात्रीपर्यंत घडत असते. त्यांच्याकडून हिशेबाचे काम करून घ्यावे आणि त्यांना विसरून जावे, हाच जगाचा रिवाज आहे. परंतु या नित्याच्या अंकांना जन्मभर सोबती मानून त्यांच्या पोटात दडलेली नवले ज्यांनी जगापुढे ठेवली, असे एक शिक्षक महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असतानाच त्यांच्या आईचे छत्र हरपले. वडील कारकून होते; तथापि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. कुंडली मांडावयाची म्हणजे आकडेमोड आलीच. ती पाहता पाहता त्या आईवेगळ्या मुलास अंकांचा लळा लागला. ठाण्याच्या शाळेत शिकत असताना गणितातील कोडी सोडवण्यात त्याचे तासन् तास निघून जात. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ साली ते पदवीधर झाले. त्यापुढील उच्च शिक्षण मात्र त्यांनी घेतले नाही. १९३० साली नाशिकजवळील देवळाली येथे ते शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेथेच अध्यापन केले.

शाळेत शिकवावे, सायकलवरून गावोगाव जाऊन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या घ्याव्या, नदीकाठी बसून अंकांचा विचार करावा, असा त्यांचा साधा जीवनक्रम होता. त्यांच्यापाशी ना प्रयोगशाळा होती, ना मोठा ग्रंथसंग्रह. कागद, पेन्सिल आणि जागे कुतूहल एवढेच त्यांचे भांडवल. या भांडवलास कोणतेही स्थळ पुरत असे. मुंबईजवळील डोंबिवली स्थानकावर त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून स्थानकाच्या त्या वेळच्या नावावरून त्यांनी त्या संख्यांस ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१ आणि ११११ चा वर्ग १२३४३२१. एक एक पायरी चढत जाणारे आणि तसेच पायरी पायरीने उतरणारे हे अंक त्याच कुळातील होत. गाडीची वाट पाहण्याचा वेळ इतरांना कंटाळवाणा वाटतो. कापरेकरांना तो फलद्रूप झाला.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध तर चौथीतील मुलालाही पडताळून पाहता येईल इतका सोपा आहे. चार अंकांची कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या तयार करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. जी बाकी येईल तिच्यावर पुन्हा हीच क्रिया करावी. बाकी तीनच अंकी आली, तर डावीकडे शून्य मांडावे. समजा, स्वातंत्र्याचे वर्ष १९४७ घेतले, तर गणित पुढीलप्रमाणे होते :

९७४१ − १४७९ = ८२६२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ वर हीच क्रिया केली, तर ७६४१ − १४६७ = ६१७४! संख्या जागची हलत नाही. आरंभी कोणतीही संख्या घेतली, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती ६१७४ पाशी येऊन थांबते. अनेक वाटांनी निघालेले यात्रेकरू सायंकाळी एकाच धर्मशाळेत उतरावेत, तसा हा प्रकार आहे.

यातील काही भाग तर्काने उलगडतो. अंकांची जागा बदलली, तरी त्यांची बेरीज बदलत नाही. म्हणून प्रत्येक बाकीला नऊने नि:शेष भाग जातो आणि संभाव्य बाक्यांची संख्या बरीच कमी होते. पण म्हणून सर्वांचे मुक्कामाचे ठिकाण एकच असले पाहिजे असे नाही. दोन अंकी संख्यांवर हा प्रयोग केला, तर त्या ९, ८१, ६३, २७ आणि ४५ या फेऱ्यात फिरत राहतात. त्यांना विसावा मिळत नाही. तीन अंकी संख्यांना तो ४९५ पाशी मिळतो. कारण समजल्याने नवल ओसरते, असे कित्येकांना वाटते. येथे तर कारण शोधू जावे तसे नवल वाढतच जाते.

१९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. ६१७४ ही संख्या आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. पण त्यांचे कार्य एवढ्यावर थांबले नाही. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली, की नवी संख्या जन्मास येते. १६ मध्ये १ आणि ६ मिळवले, की २३ होतात. परंतु २० ही संख्या अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून जन्मत नाही. अशा संख्यांस त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटले. आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाणारी संख्या ती ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी. १७२९ च्या अंकांची बेरीज १९ होते, आणि १९ ने १७२९ ला भाग दिला असता ९१ येतात. १९ उलटे लिहिले की ९१! कोरड्या समजल्या जाणाऱ्या गणितात ज्याला अशी नावे सुचतात, त्याच्या अंत:करणात कवीचे काही तरी असलेच पाहिजे.

तथापि ही वाट सुखाची नव्हती. उच्च पदवी नसलेल्या शाळाशिक्षकाचा हा उद्योग अनेक भारतीय गणितज्ञांना पोरखेळ वाटला आणि त्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. कापरेकरांनी ना वाद घातला, ना कोणापुढे हात पसरला. कित्येकदा पदरमोड करून त्यांनी आपल्या शोधांच्या लहान पुस्तिका छापल्या. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडू लागल्यामुळे उतारवयात त्यांना गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. अंकांची सोबत मात्र सुटली नाही. पुढे मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव देशोदेशी पोहोचले. तोपर्यंत त्यांचे वय सत्तर झाले होते. १९८६ साली देवळाली येथे त्यांचे देहावसान झाले.

गौरव उशिरा आला. तो आला नसता, तरी कापरेकरांनी आपला छंद टाकला असता असे म्हणवत नाही. कारण त्यांचे पारितोषिक त्यांना रोजच मिळत होते. कागदावर एखादी संख्या अनपेक्षित वळण घेई, तोच त्यांचा सोहळा. ज्या अंकांनी लोक भाजीचा हिशेब करतात, त्याच अंकांशी ते खेळले. फरक इतकाच, की इतरांना उत्तर मिळाले की ते पाटी पुसत. कापरेकर उत्तराला पुन्हा प्रश्न विचारीत. तसे विचारण्यास धन लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. सुताराच्या रंध्याखाली उलगडणारी लाकडाची रेषा, आईच्या हातून पडणारी रांगोळी, ओसरीवरील मुंग्यांची रांग, या साऱ्या असाच कोणी थांबून विचारील म्हणून वाट पाहत आहेत.

स्वाध्याय

१. कापरेकरांना अंकांचा लळा कसा लागला?
२. आपल्या जन्मवर्षाचे अंक घेऊन ६१७४ पर्यंत पोहोचावे. किती पायऱ्या लागल्या?
३. ३१ ही संख्या ‘स्वयंभू’ आहे का, हे पडताळून पाहावे.
४. ‘कापरेकर उत्तराला पुन्हा प्रश्न विचारीत’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करून घरातील किंवा परिसरातील एका साध्या गोष्टीविषयी दहा ओळी लिहाव्यात.